कुणाला बघून तुम्हाला वाटलं की आपणही फॉर्म भरावा?

कागदवाली_तासगाव

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावची. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गाव एवढं लहान आहे की नाव लिहिलं की माझं आडनावही कळेल. वय २९. तहसील कचेरीसमोरच्या एका गाळ्यात, दुसऱ्याच्या सेवा केंद्रात बसते. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीएम किसानची केवायसी, द्राक्षबागेच्या विम्याचे अर्ज, आणि पाच वर्षांतनं एकदा ग्रामपंचायतीचे उमेदवारी अर्ज. मी ट्रान्स बाई आहे. कलेक्टर कचेरीचं प्रमाणपत्र २०२३ ला हातात पडलं, आधार त्यानंतर बदललं. आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते.

२०२० चा डिसेंबर आठवतोय का? १५ जानेवारीला मतदान होतं आणि अर्ज ऑनलाइनच भरायचे होते. सर्व्हर बसला. आमच्या गाळ्यासमोर जीपा, मोटरसायकली, एक ट्रॅक्टर, आणि प्रत्येकजण म्हणतोय 'माझं आधी'. शेवटी आयोगानं कागदी अर्ज घ्यायला परवानगी दिली, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. त्या आठवड्यात मी चाळीसच्या वर अर्ज भरले. कागदांची यादी मला पाठ आहे, झोपेतनं उठवून विचारा: घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि पडताळणीची पोच, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल नसल्याचं, सरकारी जागेत अतिक्रमण नसल्याचं, जन्म १९९५ चा किंवा नंतरचा असेल तर सातवी पासचा दाखला, खर्चासाठी वेगळं बँक खातं. मी भरलेला एकही अर्ज छाननीत उडाला नाही. हे मी फुशारकीनं सांगते, सांगू दे.

आणि त्या सगळ्या गोंधळात मला एकदाही वाटलं नाही की यातला एखादा अर्ज माझाही असू शकतो. लाजले, घाबरले, असं काही नाही. डोक्यातच आलं नाही. सनईवाल्याला प्रत्येक लग्नात बोहलं दिसतं, पण आपण त्यावर चढावं असं कुठं वाटतं त्याला.

मग ३ जानेवारीला, रविवार होता, मोबाईलवर बातमी वाचली. जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक. अंजली पाटील नावाच्या तृतीयपंथी उमेदवारानं महिला राखीव वॉर्डातून अर्ज भरला होता, तो छाननीत बाद केला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि कोर्टानं आदल्याच दिवशी अर्ज घ्यायला सांगितला. पुढं त्या निवडूनही आल्या. पण मी अडकले ते 'छाननीत बाद' या दोन शब्दांवर. ते टेबल मला माहीत आहे. टेबलाच्या अलीकडं कोण उभं असतं, पलीकडचा साहेब चष्मा कपाळावर सरकवून कुठल्या रकान्यावर बोट ठेवतो, मागं विरोधी पॅनेलचा वकील कसा खाकरतो, सगळं माहीत आहे. त्या टेबलाच्या अलीकडं आपल्यासारखं माणूस उभं राहिलं होतं, तेही मी दुसऱ्यांचे अर्ज भरत होते त्याच आठवड्यात. त्या दिवशी पहिल्यांदा पोटात काहीतरी हललं.

आता माझा खरा प्रश्न. भादलीच्या आधी मला माहीत नव्हतं असं नाही. २०१७ ला पहिल्यांदा थेट सरपंच निवडला गेला, तेव्हा माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळला ज्ञानदेव कांबळे सरपंच झाल्या, महाराष्ट्रातल्या पहिल्या तृतीयपंथी सरपंच. तरंगफळ आम्हाला काही परदेश नाही, आटपाडी ओलांडली की माळशिरस आलंच. पण ती बातमी घरात टीव्हीवर लागली तेव्हा चुलतभाऊ खो खो हसला, आणि मी (तेव्हा मी २१ ची, केस बारीक) त्याच्याबरोबर हसले. हे लिहायला जड जातंय. २०१९ ला लोकसभेच्या वेळी गौरी सावंत निवडणूक आयोगाच्या सदिच्छादूत झाल्या, अभिमान वाटला, पण ती मुंबई. दिशा पिंकी शेख वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या, त्यांचं बोलणं ऐकताना आपलंच माणूस बोलतंय असं वाटलं, पण कवितेसारखं बोलणं मला कुठं जमणार. २०२४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सारा मॅकब्राइड, ट्रान्स बाई, संसदेवर निवडून आल्या, त्याचा फॉरवर्ड आला. छान वाटलं. लगेच एका आजोबांचा अंगठा मशीनवर उमटेना म्हणून लिंबू आणायला गेले.

आमच्या तालुक्यात हे 'बघून शिकणं' किती चालतं ते मला माहीत आहे. अंजनीचे आर. आर. आबा झेडपीतनं सुरुवात करून गृहमंत्री झाले, हे आमच्याकडं प्रत्येक पोराला शाळेत ऐकवलंय. माझ्या वर्गातली चार पोरं तेवढ्यावर आज सोसायटीत नाहीतर पंचायतीत आहेत. तेच भाषण मीही ऐकलं, पोरांच्या रांगेत बसून. मला ते लागू पडलं नाही, आणि का नाही पडलं हे तेव्हा कळलं नाही.

आता ताजी गोष्ट. आमची बॉडी २०२६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत संपतेय. वॉर्डांचं आरक्षण अजून निघायचंय. गेल्या महिन्यात एका पॅनेलचे कारभारी गाळ्यावर आले. म्हणाले, "कागदपत्रं तूच बघायची बरं का. आणि मिरवणुकीला हलगीपुढं तू असलीस की गर्दी आपोआप जमते." माणूस वाईट नाही. आईच्या ऑपरेशनला गाडी त्यांनीच दिली होती. मी हसले, चहा सांगितला. रात्री मात्र उठून वही काढली आणि पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या नावापुढं ती यादी लिहिली. घरपट्टी भरलेली, शौचालय आहे, मूल नाही, अतिक्रमण नाही, बी.ए. झालेली. एकच ठिकाणी अडलं: मतदार यादीत अजून जुनंच नाव आणि जुनंच लिंग आहे.

तर विचारायचंय: तुमच्यातल्या कुणाला (ट्रान्स, जोगते, हिजडा घराण्यातले, कुणीही) कुणाला तरी बघून उभं राहावंसं वाटलं का? कुणाला बघून? आणि बघून उलट मन खचलं असंही झालंय का? आणि आमचा वॉर्ड महिला राखीव निघाला तर माझ्या कागदांवर चालेल का, हेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

परडीवाली_जत (भाच्याकडनं लिहून घेतलंय, चुका त्याच्या)

पोरी, तुजं सगळं वाचून घेतलं. मी जत भागातली. वय आता साठीला आलं. यल्लम्माची जोगती, गळ्यात मोत्याची माळ पडून चाळीस वर्सं झाली. मंगळवार-शुक्करवार परडी घेऊन फिरते.

तू म्हणतीस बघून वाटलं का. आगं, शबनम मौसी आमदार झाली तवाची गोष्ट. मध्य प्रदेशात सोहागपूरला. आमाला कुठलं पेपर? सौंदत्तीला रांडाव पुनवंला गेलो व्हतो, तितं कुणीतरी सांगितलं. समद्या जोगत्यांनी भंडारा उधळला. म्हनलं आईनं केलं. पन 'आता मी बी उभी ऱ्हाते' आसं एकीच्या बी तोंडातनं आलं न्हाई. का सांगू? ती घराण्यातली, गुरू-चेल्याची, टाळी वाजवनारी. आमी देवाला सोडलेली. भाईरची लोकं आमाला एकाच पोत्यात घालत्यात, पन आमाला म्हाईत हाय आमी येगळ्या. तिला बघून मला आनंद झाला, आपली वाट न्हाई दिसली.

दुसरं. लोक पाया पडत्यात. परडीत पीठ घालत्यात, पोरगं आजारी पडलं की आंगारा मागत्यात. पन जेवनाची पंगत बसली की म्हनत्यात तुमी मागनं बसा. देव म्हनून मान हाय, मानूस म्हनून न्हाई. आनि मत मानसाला घालायचं आसतंय. कुनी कुनी तर शापाच्या भीतीनं मत देतील. तसलं मत घिऊन काय करायचं? मध्य प्रदेशात बी लोकांनी रागानं मतं दिली म्हनं, ह्या पुढाऱ्यांपेक्षा ती बरी म्हनून. पुढाऱ्याला हाणायला तुला काठी केली तर काठीचं काम झालं की कोपऱ्यात उभी करत्यात. सांभाळून.

मी बघून शिकले ती आमदाराला न्हाई. सांगलीत गोकुळनगरच्या बायकांना बघून शिकले. संग्राम संस्थेच्या बैठकीला एकदा गेले व्हते. धंदा करनाऱ्या बायका, कलेक्टरच्या हापिसात खुर्चीवर बसून बोलत व्हत्या. उभ्या न्हाई, बसून. तितनं घरी आले आनि रेशनकार्डाचा आर्ज केला. बारा वर्सांनी मिळालं, पन केला. त्या कुठं निवडून आल्या नव्हत्या.

हलगीवाल्याला सांग, नाचीन, पन उमेदवार म्हनून.

---

कृष्णाकाठ_९९

मी कराडचा. ट्रान्स पुरुष, वय २६. अक्कांचं वाचून हसूही आलं आणि घशात काही अडकलंही.

आपल्यातली म्हणून तुम्ही जेवढी नावं लिहिली, ती सगळी बायकांची. मी मोजली. माझ्या बाजूचं एकही नाही. तुमची चूक नाही, मलाही लिहायला नाव नाही. आमच्याकडं 'तृतीयपंथी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं साडी आणि टाळी येते. मला दाढी आहे. मी गावात कुणाला काही सांगत नाही तोवर मी 'पाटलांचा थोरला' आहे आणि सांगितलं की काहीच नाही. बाईला निदान शिवी तरी ठरलेली आहे, मला ती पण नाही.

आता मला निवडणुकीनं कसं गाठलं ते ऐका. २०२२ च्या डिसेंबरात आमच्या गावची ग्रामपंचायत लागली. चुलते पॅनेलप्रमुख. आमचा वॉर्ड सर्वसाधारण महिला. घरातली काकू उभी राहायला तयार नव्हती, बहिणी लग्न होऊन गेलेल्या. चुलते माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "कागदावर अजून तू पोरगीच आहेस. तेवढी पाच वर्षं काढ, मग तुला काय व्हायचं ते हो." तेव्हा औषधं सुरू होऊन आठ महिने झाले होते, आवाज फुटला होता. ज्या माणसानं दोन वर्षं माझं नवं नाव एकदाही उच्चारलं नाही, त्याला माझी राजकारणातली पहिली संधी सुचली ती अशी.

खोटं बोलत नाही, एक रात्र विचार केला. मला ते काम आवडतं. ग्रामसभेत पंधराव्या वित्त आयोगाचा हिशोब मागणारा मी एकटाच असतो, आणि ग्रामसेवक मला बघून फाईल आत ठेवतो. सदस्य झालो असतो तर ती फाईल माझ्यासमोर आलीच असती. पण प्रत्येक बॅनरवर जुनं नाव, जुना फोटो, 'यांना प्रचंड मतांनी'. नको म्हणालो. शेवटी काकूला उभं केलं, ती आली निवडून. सही कुठं करायची ते चुलते पेन्सिलनं खूण करून देतात.

म्हणूनच भादलीच्या निकालातली एक गोष्ट मला चांगली लक्षात आहे. कोर्टानं नोंदवलं होतं की अर्जदारानं आयुष्यभरासाठी स्त्री हे लिंग निवडलंय आणि पुढं सोयीसाठी ते बदलणार नाही. ते वाचताना मला चुलते आठवले. सोयीसाठी लिंग बदलायला सांगणारे आमच्याच घरात होते, आणि शंका मात्र आमच्यावर.

ताई, तुम्ही विचारलंत कुणाला बघून. मला निवडून आलेला कुणी नकोच आहे. माझ्यासारखा एखादा खुल्या जागेवरून, स्वतःच्या नावानं उभा राहून पडलेला तरी बघायचाय. डिपॉझिट पाचशे रुपये. तेवढे जाताना बघितले तरी मला पुरे.

---

रोखठोक_सांगली

आधी गावातली गटारं, पाणी, लाईट बघा. उमेदवार पुरुष की बाई की आणखी कोण याच्याशी मतदाराला काय देणंघेणं. सगळ्यांना आता राखीव जागाच हव्यात.

---

कागदवाली_तासगाव

@रोखठोक_सांगली दादा, कुणी नवं आरक्षण मागितलेलं नाही, वर परत वाचा. गटारांचं म्हणाल तर आमच्या वॉर्डातलं गटार २०१९ ला मंजूर झालंय, कागदावर झालंय, अर्जाची पोच माझ्याकडं आहे, कारण तो अर्ज मीच टाईप केला होता. आणि मतदाराला देणंघेणं नसतं तर कारभाऱ्यांनी मला हलगीपुढं कशाला बोलावलं असतं?

@परडीवाली_जत अक्का, रागाची मतं म्हणालात ते खरंय. पण छत्तीसगडच्या रायगढला २०१५ ला तृतीयपंथी मधूबाई अपक्ष महापौर झाल्या, साडेचार हजारांवर मतांनी. त्या आधी रेल्वेत गाऊन-नाचून पोट भरायच्या. सुरुवातीला रागाची असतीलही मतं, पण खुर्ची मिळाल्यावर ती आपली करता येत नाहीत का? मला नक्की सांगता येत नाही, विचारतेय.

@कृष्णाकाठ_९९ भाऊ, तुमचं वाचून वही मिटून ठेवली आणि बाहेर जाऊन आले. तुमच्या बाजूचं नाव नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माफ करा.

---

माजी_सदस्या_खटाव

मी तुमच्यातली नाही, पण दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य होते, म्हणून लिहिते. वय ५४. खटाव तालुका, दुष्काळी पट्टा.

पहिल्यांदा २००७ ला. वॉर्ड महिला राखीव, म्हणून आमच्या मालकांनी मला उभं केलं. निवडून आले त्या दिवशी गुलाल त्यांच्या डोक्यावर, हार त्यांच्या गळ्यात. मी घरात मिरवणुकीतल्यांसाठी चहाला आधण ठेवत होते. पाच वर्षांत पंचायतीच्या कचेरीत मी फार तर दहा वेळा गेले असेन. प्रोसिडिंग बुक शिपाई घरी घेऊन यायचा, मी पीठ मळता मळता हात पुसून सही करायची. मला बघून गावातल्या कुठल्या पोरीला काही वाटलं असेल? वाटलं असेल तर एवढंच की सही करता आली म्हणजे झालं.

२०१२ ला परत. तोवर निम्म्या जागा बायकांना झाल्या होत्या आणि आमचा वॉर्ड पुन्हा महिलांसाठी निघाला. ह्या वेळी दोन गोष्टी झाल्या. मालकांचा पाय मोडला, आणि ग्रामसेविका म्हणून एक बाई बदलून आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात निरोप धाडला की पुस्तक घरी येणार नाही, मॅडमनी इथं यायचं. मला 'मॅडम' पहिल्यांदा कुणी म्हणालं ते त्या निरोपात. गेले. पहिल्या तीन बैठका दाराजवळच्या खुर्चीत बसले. चौथीला टँकरच्या खेपांवरून भांडण झालं, आणि खेपा किती येतात ते मलाच माहीत होतं, कारण हंडा घेऊन मीच उभी असायची. बोलले. त्यानंतर आमच्या शेजारची एक मुलगी, तेव्हा आठवीत, मला विचारायची, काकू आज काय ठरलं. ती आज पंचायतीच्या पाणीपुरवठा समितीवर आहे आणि माझ्यापेक्षा दुप्पट आवाजात भांडते.

माझ्या मुलीनं समाजकार्याचं शिक्षण घेतलं. तिनं मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात ४९५ गावांमध्ये केलेला. २०१२ ला छापून आला. प्रधानपद, म्हणजे तिकडचं सरपंचपद, कुठं महिलांसाठी राखीव व्हायचं ते कुणाच्या मर्जीनं ठरत नव्हतं, त्यामुळं तुलना सरळ करता आली. जिथं लागोपाठ दोन निवडणुकांत बाई प्रधान होती, तिथं मुलामुलींच्या स्वप्नांतलं अंतर कमी झालं होतं, मुलांच्या मनातलं ३२ टक्क्यांनी, आणि आईबापांच्या मनातलंही. एकदाच बाई येऊन गेली त्या गावांत मात्र फारसा फरक नव्हता. मी तिला म्हटलं, हे मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं.

म्हणून कागदवाली बाळ, तुझ्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर हे. तरंगफळ एकदा, भादली एकदा, आणि दोन्हींच्या मध्ये अख्खा महाराष्ट्र. कुणाला एकदा बघितलं की माणूस नवल करतं. दुसऱ्यांदा बघितलं की मग त्याला आपलं सुचायला लागतं.

आणखी एक सांगायचंय, बरेच दिवस मनात आहे. माझ्या दुसऱ्या पाच वर्षांत गावातली एक जोगती घरकुलासाठी आली होती. आम्ही सगळे सदस्य आत बसलेलो, तिला अंगणात उभं केलं आणि शिपायाकरवी सांगितलं की यादी आली की कळवू. यादी टेबलावरच होती. मी बोलले नाही. ती परत आली नाही. अक्कांनी 'उभ्या न्हाई, बसून' लिहिलंय ते वाचून मला ते अंगण आठवलं.

---

ॲड_विश्रामबाग

कायद्याचं तेवढं सांगतो, बाकी इथं माझ्यापेक्षा शहाणी माणसं आहेत.

महिला राखीव वॉर्डाचा मुद्दा जुना आहे. साल २००० च्या सुमारास मध्य प्रदेशात कटनीला तृतीयपंथी कमला जान महापौर झाल्या होत्या. जागा महिलांसाठी राखीव होती, विरोधक कोर्टात गेले आणि त्या पुरुष आहेत असं ठरवून निवड रद्द झाली. मूळ प्रश्नात 'बघून मन खचलं का' असं विचारलंय, तर कटनी हे त्याचं उदाहरण. मात्र तेव्हा नालसा निकाल नव्हता. १५ एप्रिल २०१४ ला त्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, भादलीचा आदेश त्याच पायावर उभा आहे, आणि तो आपल्याच उच्च न्यायालयाचा आहे. छाननीला जाताना त्याची प्रत आणि कलेक्टरांचं प्रमाणपत्र दोन्ही हातात ठेवा. तोंडी सांगून साहेब ऐकत नाहीत, कागद पुढं केला की वाचतात.

तुमची खरी अडचण तुम्हीच ओळखली आहे. ग्रामपंचायतीची यादी वेगळी तयार होत नाही, विधानसभेच्या यादीतूनच वॉर्डवार फोडतात. त्यामुळं दुरुस्ती विधानसभेच्या यादीत, अर्ज क्रमांक ८ नं, आणि यादीसाठी आयोग जी तारीख धरेल तिच्या आधी. नंतर केलेली दुरुस्ती या निवडणुकीला उपयोगाची नाही. आधारावर एक नाव, यादीत दुसरं, दाखल्यावर तिसरं, असं झालं की छाननीत तुमच्या बाई असण्यावर कुणाला बोलावंच लागणार नाही, स्पेलिंगवरच अर्ज उडवतील.

खुल्या वॉर्डातून उभ्या राहिलात तर लिंगाचा प्रश्नच येत नाही. पण ती निवड तुमची, पॅनेलची नव्हे.

---

कृष्णाकाठ_९९

वकीलसाहेब, शेवटचं वाक्य चुलत्यांना पाठवू का?

---

कागदवाली_तासगाव

सगळ्यांना एकदम लिहिते, गाळ्यावर गर्दी आहे.

वकीलसाहेब, अर्ज ८ काल रात्रीच भरला. दुसऱ्यांचे शेकड्यानं भरलेत, स्वतःचा भरताना जन्मतारीख दोनदा चुकली. पोच क्रमांक वहीत लिहून ठेवलाय. बीएलओ म्हणून (मतदार यादीचं काम बघायला) आमच्या शाळेचे गुरुजी आहेत, ते चौकशीला येतील. त्यांनीच मला पहिली ते चौथी शिकवलंय, तेव्हा काय होतंय बघू.

काकू, घरकुलाची ती अक्का अजून गावात असेल तर तिला माझ्याकडं पाठवा. तासगाव लांब आहे, पण अर्ज फोनवरही भरता येतो. आधार आणि बँकेचं पासबुक तेवढं जवळ ठेवायला सांगा.

कारभाऱ्यांना अजून काही बोलले नाही. आईला सांगितलं. ती बेदाणे निवडत होती, मान वर केली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पाचशे रुपये परत मिळतात का?" मी म्हटलं, पुरेशी मतं पडली तर मिळतात. म्हणाली, "मग पुरेशी पाडायला लागतील." पुढं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. उभी राहणारच असं अजून म्हणत नाही. सोडत निघू दे.

भाऊ, तुमच्याकडची पुढची निवडणूक २०२७ ला ना? तुमच्या कागदांचं कुठवर आलंय ते मला वेगळं लिहा. प्रमाणपत्राच्या अर्जात प्रतिज्ञापत्र कसं जोडायचं ते मला माहीत आहे, माझं दोनदा परत आलं होतं.

---

परडीवाली_जत

पोरी, वाचून घेतलं. तुज्या आईला सांग, जतची अक्का पाचशे धाडती.

आनि एक काम कर. माजं नाव बी बघ यादीत हाय का. दोन वेळा गेले, साळंत म्हनले तुमचं नाव न्हाई. आदी व्हतं. कार्ड हाय माज्याकडं, त्यावर फोटू बाप्याचा हाय, मिशा हायत. भाचा नंबर लिहून धाडतोय.